भाच्यानं लपवलेला डबा सापडेना, जीपीएस दुसऱ्याच्याच ज्वारीत नेतंय

चादरवाले_मामा
रविवार, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार. अक्कलकोट रोडला एका चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहितो, वय ५४. आकड्यांना भिणारा माणूस नाही. पण आज दोन आकड्यांनी पोरांसमोर पार येडा केलाय, म्हणून इथं विचारतोय.

भाचा अमेरिकेत, ओरेगन राज्यात, पोर्टलंडला असतो. तिकडं त्याला जिओकॅशिंगचा नाद लागलाय. कुणीतरी डबा लपवायचा, जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे, बाकीच्यांनी हातातलं जीपीएस घेऊन तो हुडकायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथं परत ठेवायचा. डिसेंबरात आला तेव्हा आपलं जुनं यंत्र पोरांना देऊन गेला. पिवळं, मुठीत मावणारं, करडा पडदा, दोन पेन्सिल सेल. निघायच्या आदल्या दिवशी बोरामणीकडच्या आमच्या शेतात एकटाच जाऊन डबा ठेवून आला आणि धाकटीच्या हातात चिठ्ठी दिली. "हुरड्याला जाल तेव्हा शोधा. मोबाईल वापरला तर पैज हरलात."

आज गेलो. आगटी पेटली, शेंगाचटणी, गूळ, दही मांडून झालं. म्हटलं, कणसं भाजेस्तोवर डबा काढून येऊ. आकडे मीच भरले. अंश-मिनिटं इथं देत नाही, तुमच्यातलाच कुणी हुरडा खाऊन डबा घेऊन जायचा. शेपटं तेवढी देतो: उत्तर २४.६ आणि पूर्व ३८.४. यंत्रात पॉइंटच्या पुढं तीन घरं होती, तिथं २४६ आणि ३८४ भरलं. बाण दिसला, निघालो. आमचा बांध ओलांडला, ओढा ओलांडला आणि आम्ही पाचजण थेट शेजाऱ्याच्या मालदांडीत. ज्वारी डोक्याच्या वर. यंत्र म्हणतंय ४ मीटर राहिले, आणि थांबलं की बाण गरागरा फिरतोय. एकदा तुळजापूरकडं, एकदा विजापूरकडं. तेवढ्यात कानाजवळून गोफणीचा दगड सूं करून गेला. शेजारी माळ्यावर बसून पाखरं राखत होता. ज्वारी हलताना दिसली, त्याला वाटलं डुकरं शिरली. मग ओळख निघाली, चहा झाला, पण पोरांच्या नजरेतून मी उतरलो तो उतरलोच.

यंत्र बिघडलंय का? तारीखसुद्धा वीसेक वर्षांपूर्वीची दाखवतंय. भाच्याला फोन केला तर हसतोय नुसता. "मामा, चिठ्ठी नीट वाचा की."

सातरस्ता_एक्सप्रेस
रविवार, रात्री १०:०५

मोबाईल काढा ओ मामा. या जमान्यात ते पिवळं खेळणं कोण वापरतंय? पिन टाका, जावा, डबा उचला.

चादरवाले_मामा
रविवार, रात्री १०:१२

पैज आहे बाबा. आणि तिथं रेंजही नाही.

निवृत्त_मोजणीदार
सोमवार, सकाळी ६:२०

रेंज आणि जीपीएस यांचा संबंध नाही, हे आधी सांगतो. उपग्रहाचा संकेत मोबाईललाही रेंजशिवाय मिळतो. रेंज लागते ती नकाशा उतरवायला.

आता मूळ मुद्दा. मी ३१ वर्षं मोजणीत काढली. सुरुवात साखळीनं केली, शेवट उपग्रहानं झाला. यंत्र ४ मीटर म्हणत असेल आणि तुम्ही भलत्याच गटात उभे असाल, तर यंत्र खोटं बोलत नाही. त्याला प्रश्नच चुकीचा विचारला गेला आहे. सेटिंगमध्ये जाऊन "मॅप डेटम" पाहा, म्हणजे अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या कुठल्या मापावर धरलेत ते. तिथं डब्ल्यूजीएस ८४, म्हणजे जीपीएसचं स्वतःचं माप, असलं पाहिजे. पोरं बटणं दाबत बसतात, त्यात ते इंडियन नावाच्या एखाद्या पर्यायावर गेलं असेल तर गेलात. आपले जुने टोपोशीट, म्हणजे सरकारी नकाशे, एव्हरेस्टच्या गोलावर, पृथ्वीच्या जुन्या मापावर, बेतलेले आहेत. पृथ्वीचा आकार थोडा वेगळा धरला की तोच आकडा जमिनीवर दुसरीकडे पडतो, शंभरेक मीटरचा फरक सहज. दोन भावांच्या बांधाची भांडणं यापेक्षा कमी अंतरावर कोर्टात जातात.

डेटम बरोबर निघालं तर पुढचं सांगेन. मुळात आपण किती चुकलो आणि कुठल्या दिशेला, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. "सापडेना" ही तक्रार झाली, मोजणी नव्हे.

भटकी_जुळे_सोलापूर
सोमवार, दुपारी १:५०

काकांचं बरोबर, डेटम आधी पाहाच. पण मामा, मला तुमच्या शेपटांचाच संशय येतोय. चिठ्ठी काढा. २४.६ च्या डोक्यावर उजवीकडं दोन बारक्या उभ्या रेघा आहेत का?

चादरवाले_मामा
सोमवार, दुपारी २:१५

डेटम डब्ल्यूजीएस ८४ च आहे. रेघा आहेत. मला वाटलं भाच्याचं अक्षर.

भटकी_जुळे_सोलापूर
सोमवार, रात्री ९:००

सापडला तुमचा चोर. त्या दोन रेघा म्हणजे सेकंद. भाच्यानं अंश, मिनिटं, सेकंद लिहून दिलेत. यंत्र मागत होतं अंश आणि दशांश मिनिटं, जिओकॅशिंगवाल्यांची नेहमीची पद्धत. एका मिनिटात सेकंद ६०, दशांशाला मात्र १०० चा हिशेब. तुम्ही हिशेबनीस आहात म्हणून सविस्तर मांडते.

२४.६ सेकंद म्हणजे ०.४१० मिनिट. तुम्ही भरलं ०.२४६. फरक ०.१६४. आपल्या भागात अक्षांशाचं एक मिनिट साधारण १,८४५ मीटरचं, म्हणजे तुम्ही सुमारे ३०२ मीटर दक्षिणेला गेलात. ३८.४ सेकंद म्हणजे ०.६४० मिनिट, तुम्ही भरलं ०.३८४, फरक ०.२५६. रेखांशाचं मिनिट सोलापुरात जरा आखूड, १,७६८ मीटर, कारण विषुववृत्त सोडून वर सरकलं की रेखांशाच्या रेषा जवळ येत जातात. म्हणजे सुमारे ४५३ मीटर पश्चिमेला. दोन्ही मिळून तिरकं अंतर ५४४ मीटर. तुम्ही जिथं दगड खाता खाता वाचलात, तिथून डबा ईशान्येला आहे.

यातली गंमत अशी, की ६० ऐवजी १०० चा हिशेब धरला की भरलेला आकडा खऱ्यापेक्षा नेहमी लहानच पडतो. म्हणून ही चूक आपल्या देशात माणसाला नेहमी नैऋत्येलाच नेते. अपवाद एकच: सेकंद एकअंकी असले आणि ४.६ चं कुणी .४६० केलं, तर गाडी उलटी उत्तरेला किंवा पूर्वेला धावते. मी स्वतः ट्रेकच्या नादात असाच घोळ घालून एका पठारावर दीड तास पाण्याचं टाकं शोधत फिरलेय, म्हणून एवढ्या आत्मविश्वासानं बोलतेय.

उपाय: सेटिंगमध्ये "पोझिशन फॉरमॅट" बदलून अंश-मिनिट-सेकंदवाला करा आणि चिठ्ठी आहे तशी भरा. आकडेमोड नकोच. जुना चुकीचा बिंदू पुसू नका, पुढं तुलनेला बरा.

बाण गरागरा फिरतो तो बिघाड नाही. साध्या यंत्रात चुंबकीय होकायंत्र नसतं. तुम्ही कुठून कुठं सरकलात यावरून ते दिशा ठरवतं, त्यामुळं थांबलात की त्याला दिशाच उरत नाही. वीसेक पावलं सरळ, नेहमीच्या चालीनं चाला, मग बाण पाहा. आणि शेवटच्या दहा मीटरमध्ये यंत्र खिशात टाका. मोकळ्या रानातही तीन-पाच मीटर इकडंतिकडं होणारच, झाडाखाली किंवा विहिरीच्या कठड्याशी जास्त. तिथून पुढं डोळे वापरायचे. नीट रचलेला दगड, उगाच पडलेलं लाकूड, भाच्याची खोड.

तारखेचंही घाबरू नका. जीपीएस आठवडे मोजतं, आणि तो आकडा १०२३ च्या पुढं गेला की परत शून्यावर येतो. १०२४ आठवडे म्हणजे १९ वर्षं साडेसात महिने. ६ एप्रिल २०१९ च्या रात्री तो शून्यावर आला, तेव्हापासून बरीच जुनी यंत्रं भूतकाळात जगतायत. जागा मात्र बरोबर सांगतात.

आणि सेल चार्जिंगचे असतील तर मेनूत सेलचा प्रकार बदला. चार्जिंगचा सेल १.२ व्होल्टचा, साधा १.५ चा. नाहीतर निम्मा भरलेला असतानाच यंत्र संपला म्हणून बोंबलतं.

जाता जाता एक. हा खेळ सुरू झाला तो तुमच्या भाच्याच्याच राज्यात. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकेनं जीपीएसच्या संकेतात मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. तोवर सामान्य माणसाचं यंत्र शंभरेक मीटर चुकायचं. ३ मे २००० ला डेव्ह अल्मर या गृहस्थानं पोर्टलंडजवळ बीव्हरक्रीकला एक बादली ठेवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. बादलीत पुस्तकं, थोडे पैसे, खाण्याचा एक डबा आणि चक्क एक गलोल होती. तुमच्या शेजाऱ्याला हे सांगा, त्याला बरं वाटेल.

सातरस्ता_एक्सप्रेस
सोमवार, रात्री ९:२०

ताई, एका मिनिटाचे ६० सेकंद हे मला शाळेपासून माहीत होतं, पण ते मीटरमध्ये लागतात हे आज कळलं. पुढचा डबा भुईकोट किल्ल्यात ठेवू का? बुरुजात मस्त भेगा आहेत.

निवृत्त_मोजणीदार
मंगळवार, सकाळी ६:१०

किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. तिथं भेगेत डबा कोंबणं हा खेळ नव्हे. नान्नजलाही नको. ते १९७९ पासून माळढोकाचं अभयारण्य आहे, तिथल्या पक्ष्यांना तुमच्या खेळाचा उपद्रव नको. गर्दीच्या जागी, बसस्टँडला वगैरे, बेवारस डबा ठेवलात तर डबा शोधायला पोलीस येतील. स्वतःचं शेत किंवा मालकाला विचारून घेतलेली जागा, एवढंच.

फिरायचंच असेल तर डबा न ठेवता प्रश्न ठेवा. हत्तरसंग कुडलला जा, भीमा-सीनेच्या संगमावर. संगमेश्वर मंदिरातल्या मराठी शिलालेखाचा शक कोणता, हे पोरांना तिथं उभं राहून वाचायला लावा. उत्तर ९४०, म्हणजे इ.स. १०१८. ना मुंग्या, ना पोलीस.

मामा, भाच्याला एक निरोप द्या. असलं नुसतं ऐकणारं जीपीएस आणायला हरकत नाही. पण उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र हौसेनं घेऊन येऊ नकोस म्हणावं. त्याला आपल्याकडे परवाना लागतो, विमानतळावरच अडकेल.

आणि ५४४ मीटरचा हिशेब मी करून पाहिला. बरोबर आहे.

चादरवाले_मामा
पुढचा रविवार, रात्री ८:३०

सापडला!

ताईंनी सांगितलं तसं फॉरमॅट बदललं, चिठ्ठी जशीच्या तशी भरली. या खेपेला यंत्र धाकटीच्या हातात, मला हात लावायची बंदी. बाण ओढ्याकडं वळलाच नाही, आमच्याच शेताच्या वरच्या अंगाला निघाला, जुन्या विहिरीकडं. मोट चालायची तेव्हाचं थारोळं अजून आहे तिथं. ६ मीटर दाखवल्यावर पोरीनं यंत्र खिशात टाकलं आणि हुडकायला लागली. मी कठड्याच्या भेगा बघत बसलो. तिला दोन मिनिटांत थारोळ्याच्या मागं तीन चपटे दगड एकावर एक दिसले. खाली स्टीलचा डबा, आपल्या चटणीच्या डब्यासारखा.

आत वही, पेन, पोर्टलंडचं एक नाणं, आणि भाच्यानं पोरांसाठी प्रेमानं ठेवलेल्या दोन मुठी गोळ्या. गोळ्या कसल्या, मुंग्यांचं वारूळच. काकांच्या तोंडात साखर म्हणणार होतो, पण ती मुंग्यांनी खाल्ली. वही झटकून झटकून पोरांनी नावं लिहिली. भाच्याला फोन लावला, तर म्हणतो, डब्यात खाऊ ठेवायचा नाही हा तर पहिला नियम, मीच विसरलो. म्हटलं बरं झालं, चुकायचा मक्ता एकट्या मामाकडं नाही.

जुना बिंदू ठेवला होता. दोन्हींतलं अंतर यंत्रानं ५४३ मीटर दाखवलं. ताईंचा एक मीटर कुठं गेला ते कळलं नाही. आम्ही कारखान्यात एवढं सोडत नसतो, पण जाऊ दे.

डबा धुऊन, पुसून, वही-पेनासकट परत तिथंच ठेवलाय. शेजारीही येऊन बघून गेला. गलोलीची गोष्ट त्याला सांगितली. म्हणाला, "सगळं बेस हाय, पण परत माझ्या ज्वारीतनं यायचं झालं तर आधी आरोळी द्या."