मदत हवी आहे: वडिलांच्या नाकावर कॅन्सर, रेडिएशनने जातो का?

माणदेशी: आप्पांच्या नाकपुडीवर खपली धरायची, निघायची, परत चिघळायची, आता कॅन्सर निघालाय. डॉक्टर म्हणतात रेडिएशन घेऊ, धाकटा भाऊ म्हणतो कापूनच टाका, सोमवारी कळवायचंय. कोणाच्या घरात झालंय का? परत उलटतो का? लवकर सांगा प्लीज.

वरदा_क: वय? बायोप्सीत कातडीच्या कॅन्सरचा कुठला प्रकार लिहिलाय, बेसल सेल की स्क्वॅमस? केवढा आहे?

पंचगंगाकाठ: रेडिएशनच्या नादी लागू नका. आमच्या काकांच्या गालावरचा कापला, टाके निघाले, विषय संपला.

माणदेशी: वय ८१, बेसल सेल लिहिलंय, दीड सेंटीमीटर. शुगर आहे, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे.

वरदा_क: अहो हे आधी सांगायचं ना. फ्रान्समध्ये चेहऱ्यावरच्या ४ सेंटीमीटरपेक्षा लहान बेसल सेलच्या ३४७ पेशंटवर सर्जरी विरुद्ध रेडिएशन अशी ट्रायल झालेली, १९९७ ला छापून आली. ४ वर्षांत सर्जरीवाल्यांत ०.७ टक्के फेल (म्हणजे कॅन्सर राहिला किंवा परत आला), रेडिएशनवाल्यांत ७.५.

पंचगंगाकाठ: मग मी काय वेगळं सांगतोय?

वरदा_क: दादा, शंभरातल्या ९२ जणांचा रेडिएशनने आटोक्यात राहिला हेही त्याच आकड्यात आहे. शिवाय गालाची कातडी ओढून शिवता येते, नाकपुडीला बऱ्याचदा दुसरीकडची आणून लावावी लागते, ८१ व्या वर्षी शुगर असताना ते सोपं नाही.

सह्याद्री७: उन्हात जाताना एसपीएफ ५० लावायला सांगा, टोपी पण.

गावाकडचा: हळद चुन्याचा लेप लावून बघा आधी महिनाभर, मशीनला काय घाई आहे.

नलूताई: कृपा करून असलं सांगू नका हो, लेपात महिने गेले की ते खाली कूर्चेत उतरतं. माझ्या आईला कानावर होता, रेडिएशन दिलं. शेवटी शेवटी कातडी लालभडक होऊन पाझरायला लागली, आम्ही फार घाबरलो, पण संपल्यावर महिना दीड महिन्यात भरून आली. आता तिथे पांढुरका डाग आहे, एवढंच. मधेच बंद करू नका. आणि रोज जायला झेपणार नसेल तर दिवस कमी करून दर वेळचा डोस जास्त देतात म्हाताऱ्या माणसांना, ते विचारा. महात्मा फुले योजनेत बसतंय का तेही बघा.

गावाकडचा: परळला टाटात जाणार असाल तर राहायची सोय आधी करा, ऐनवेळी फार हाल होतात.

माणदेशी: टाटा नाही, इथे मिरजेलाच दाखवलंय. कमी दिवसांचं विचारतो, आप्पांना एसटीचा प्रवास सोसत नाही.

वरदा_क: थांबा, रिपोर्टमध्ये पेरिन्यूरल असा शब्द कुठे आहे का?

माणदेशी: हो, पेरिन्यूरल इन्व्हेजन प्रेझेंट. का?

वरदा_क: म्हणजे पेशी नसेच्या कडेने सरकल्यात. मग नुसता डाग शेकून भागेलच असं नाही, आजूबाजूचा जास्त भाग घ्यावा लागू शकतो, आधी एमआरआयही सांगतील कदाचित. कापलं तरी पुढे रेडिएशन लागू शकतं, तुमच्या भावालाही हे सांगा. आप्पांना गालाला, वरच्या ओठाला बधिरपणा किंवा मुंग्या येतात का? आजच विचारा त्यांना, आणि सोमवारी डॉक्टरांना हे सगळ्यात आधी सांगा.