हेडलाइट लावली की काटा चढतो? आधी अर्थिंग बघा

तुम्ही लिहिलंय की गाडीच्या रेडिएटरला इलेक्ट्रिक फॅन बसवल्यापासून हेडलाइट लावली की टेंपरेचरचा काटा लगेच वर जातो, म्हणून आता मोठा रेडिएटर घ्यायचा विचार आहे. जरा थांबा. दिवा लावल्याने पाणी दोन सेकंदांत तापत नाही; काटा खोटं बोलतोय. एकाच तारेच्या टेंपरेचर सेन्सरचं अर्थिंग (करंट परत जायची वाट) इंजिन ब्लॉकमधूनच होतं, आणि ब्लॉकला बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणारी पट्टी गंजलेली किंवा रंगावर आवळलेली असली की असले चाळे सुरू होतात.

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. इंजिन चालू, फॅन आणि दिवे चालू. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं ब्लॉकच्या उघड्या धातूला. ०.२ व्होल्टच्या वर आकडा दिसला तर पट्टी बदला. नुसती कंटिन्युइटी (तार जोडलेली आहे की तुटलेली) तपासून फसू नका. तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर आनंदाने 'बीप' करतो. (मी त्या बीपवर विसंबून दोन रविवार घालवलेत.)

फॅन थेट स्विचवरून चालवत असाल तर रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घाला. त्याच्या पिनांवर आकडे असतात: ३० ला बॅटरीची तार, ८७ वरून फॅन, ८५-८६ कॉइलला. फ्यूज बॅटरीजवळच हवा, फॅनजवळ नको. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, त्यामुळे बारीक तार तापतेच.

आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकलाय म्हणता, तो परत बसवा. पट्टी बदलूनही काटा चढलाच, तर हीटर उघडा ठेवून इंजिनच्या पाण्यात अडकलेली हवा काढा. रेडिएटरचं मग बघू.