पेडर रोडला पोटरीत गोळे, सलग दुसऱ्या वर्षी. मदत हवी आहे

स्लो_लोकल:

मंडळी, नमस्कार. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

वय ४२. राहायला डोंबिवलीत, नोकरी फोर्टला. लॉकडाउनमध्ये गच्चीवर फेऱ्या मारता मारता पळायला लागले, ती अजून थांबलेली नाही. आजवर सहा हाफ (अर्ध्या मॅरेथॉन, २१ किमी) झाल्या, त्यातली सगळ्यात चांगली २ तास १४ मिनिटांची. फुल (पूर्ण, ४२ किमी) दोनच, दोन्ही मुंबईच्या. पहिली ५:२१ ला संपवली. त्यानंतर वर्षभर जास्त पळून आणि जास्त पैसे घालवून दुसरी ५:३८ ला. नवऱ्याने एवढंच विचारलं, "मेडल तेच देतात ना?"

या जानेवारीचं सांगते. पहाटेच्या मॅरेथॉन स्पेशल लोकलने सीएसएमटीला उतरले तेव्हा छान गार होतं. सुरुवातीपासून पाय हलके. सी लिंकवर समुद्राचा वारा, आजूबाजूला सगळे खुशीत. निम्मं अंतर २:२० ला झालं. मनातल्या मनात २:२० दुणे ४:४० केलं आणि ठरवून टाकलं की पाचच्या आत तर आपण झोपेत येऊ. माहीम, शिवाजी पार्क ठीक गेलं. वरळीपर्यंत ऊन चढलं, मांड्या जड झाल्या. हाजी अली मागे टाकून पेडर रोडच्या चढाला लागले आणि उजव्या पोटरीत असा गोळा आला की दुभाजकाला धरून उभी राहिले. मग डावीत. मग मांडीच्या आतल्या बाजूला, जिथे स्नायू असतो हेच मला माहीत नव्हतं. एका काकूंनी हातात संत्र्याची फोड दिली, "चालत जा गं, पण बसू नकोस." चढ चालत, उतारही चालत. मरीन ड्राइव्ह एरवी भेळ खात फिरताना किती छोटा वाटतो! आदल्या वर्षीही गोळा याच चढावर आला होता, फक्त एका पायात.

तयारी अशी: मंगळवारी आणि गुरुवारी ८ किमी, पहाटे पावणेपाचला, घरडा सर्कलच्या बाजूला. शनिवारी ५. रविवारी १६ ते २२, एकदाच २८. सगळं साधारण किलोमीटरला ६:३० मिनिटांच्या वेगाने. चारच दिवस मिळतात, त्यात हळू पळलं की फसवणूक केल्यासारखं वाटतं. ताकदीचे व्यायाम शून्य. डोंबिवली स्टेशनचा पूल धरत असाल तर रोज.

शर्यतीत दोन जेल (पळताना चोखायचा गोड, घट्ट रस) घेतली, १५ आणि २८ किमीला. दुसऱ्याने पोट ढवळलं. इलेक्ट्रालची (क्षार-साखरेची पावडर) अख्खी पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत घातली होती, लिटरभर पाणी घेऊन कोण पळणार? तीस किमीनंतर घाबरून मिठाच्या तीन गोळ्या एकदम घेतल्या आणि वरळीला उलटी झाली.

बूट. जुन्या जोडीवर ९०० किमी झालेत. डिसेंबरात सेलमध्ये कार्बन प्लेटवाले (तळव्यात कडक पट्टी असलेले शर्यतीचे बूट) घेतले, तेरा हजार. दुकानाचं आणि कंपनीचं नाव राहू दे. दुकानातल्या मुलाने मशीनवर उभं केलं, तळवा सपाट आहे म्हणाला आणि वर इनसोलही विकले. दोनदा घालून पाहिले आणि तिसऱ्यांदा थेट मॅरेथॉनला घातले. (हो, माहीत आहे. बोला.)

घड्याळ मनगटावरचं. आरामात पळतानाही ठोके १७५-१७८ दाखवतं, आणि मॅरेथॉनचं अंतर ४२.९ दाखवलं. सातशे मीटर फुकट पळवलं की काय?

शेवटचा प्रताप. दोन आठवड्यांपूर्वी सातारा हिल हाफ केली. यवतेश्वरचा घाट चढताना मजा आली, धुक्यात पुढचा माणूस दिसत नव्हता. उतरताना मात्र पाय सुसाट सोडले. आता दोन्ही अंगठ्यांची नखं काळी आणि डाव्या गुडघ्याला बाहेरच्या अंगाला कळ. पूल चढताना काही नाही, उतरताना येते. मागून ८:०५ चा लोंढा आणि मी कठडा धरून एकेक पायरी.

जानेवारीला सोळाएक आठवडे उरलेत. गोळे मिठाने येतात की बुटाने? पाचच्या आत येणं माझ्या आवाक्यातलं आहे की नाद सोडू? गुडघा असा असताना पळू का? आणि "कोच लावा" म्हणणाऱ्यांना नम्र विनंती: मागच्या वर्षी ऑनलाइन लावला होता. त्याने आम्हा सगळ्यांना व्हॉट्सॲपवर एकच तक्ता पाठवला, त्यात एका मुलीच्या तक्त्यावर दुसऱ्याचंच नाव होतं.

टेकडीवाला:

ताई, उत्तर तुमच्याच धाग्यात आहे, तुम्ही ते बुटांच्या खाली ठेवलंय.

पाच तासांच्या आत यायचं तर किलोमीटरला ७:०६ लागतात. तुम्ही निम्मं अंतर ६:३८ ने काढलंत. म्हणजे दर किलोमीटरला २८ सेकंद उधार घेतलेत, सलग २१ किलोमीटर. वसुली पेडर रोडला झाली. उरलेल्या निम्म्याला ३ तास १८ मिनिटं लागली हे तुम्ही लिहिलं नाहीत, मी वजाबाकी केली.

दुसरं. २:१४ ची हाफ म्हणजे ६:२१ चा वेग. रोज ६:३० ने पळता म्हणजे आठवड्यातून चारदा जवळपास शर्यतच पळता. अंग सावरायचं कधी? मंगळवार, शनिवार, रविवार ७:३० ते ८ ने पळा. पुण्यात तळजाई टेकडीवर आमच्यात कसोटी अशी आहे की पळताना राजकारणावर भांडता आलं पाहिजे. आवाज चढला तरी चालेल, श्वास चढता कामा नये. गुरुवारी मधले चार-पाच किमी जोरात घ्या, तेवढा जोर पुरे.

शनिवारचे ५ हळूहळू १२ वर न्या. रविवारी ३० ते ३२ किमी तीनदा व्हायला हवेत, शेवटचे शर्यतीच्या तीन आठवडे आधी. २:१४ वाल्याला ४:४० ते ४:५० जमण्यासारखं असतं, तेव्हा पाचचा नाद सोडू नका. सी लिंकचा सोडा.

मीठभाकर:

टेकडीवाल्यांचं पटलं, पण पोटाचं राहिलं.

इलेक्ट्रालची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, पाकिटावर तसं छापलेलं असतं. अर्ध्या लिटरात घातलीत की ते दुप्पट दाट होतं. दाट द्रावण पोटात बसून राहतं आणि उलट अंगातलंच पाणी तिकडे ओढून घेतं. वर तीन मिठाच्या गोळ्या. उलटी होणारच होती. छोटी पुडी २०० मिलीसाठी मिळते, ती बाटलीत बरोबर बसते.

पोटरीतल्या गोळ्यांचं म्हणाल तर मिठाला सगळा दोष देऊ नका. घाम सगळ्या अंगाला येतो, मीठ सगळ्या अंगातून जातं, मग गोळा नेमका चढावर ताणलेल्या, थकलेल्या पोटरीतच का? दंडात का नाही? थकलेल्या स्नायूला आकसून धरायची आज्ञा मिळत राहते आणि सोडायची मिळत नाही, असं त्याचं साधारण आहे. त्यात नवे कार्बनवाले. त्यांनी काहींच्या पोटरीवरचा ताण वेगळ्याच जागी जातो, सवय नसेल तर बेचाळीस किलोमीटर ही प्रयोगाची जागा नाही.

आणि ताई, साडेपाच तासांत दोन जेल? एका जेलमध्ये साधारण २० ते २५ ग्रॅम कर्बोदकं असतात. लागतात तासाला ३० ते ६०. तुम्ही उपाशी पळालात. पहिलं जेल ४०-४५ मिनिटांनी, मग तेवढ्याच अंतराने, वर साधं पाणी. इलेक्ट्रालबरोबर नाही. हे सगळं रविवारी करून बघा, पोटालाही सराव लागतो. जेल झेपत नसेल तर खजूर किंवा राजगिऱ्याची चिक्की. चिक्की पळताना घशाला चिकटते, पाण्याच्या टेबलापाशीच खावी.

पळपुटा:

घड्याळापुरतं बोलतो. पळताना मिनिटाला पावलं किती पडतात ते त्याच घड्याळात बघा. १७५ च्या आसपास असतील तर घड्याळ तुमचे ठोके मोजत नाहीये, पावलं मोजतंय. ठोके मोजणाऱ्या मनगटावरच्या दिव्याला हा रोगच आहे, पट्टा सैल असला की जास्त. पट्टा हाडाच्या वर सरकवून घट्ट बांधा किंवा छातीचा घ्या.

४२.९ चं दुःख नको. रस्ता मोजताना वळणावळणाला आतली, सगळ्यात जवळची रेघ धरतात. आपण पाण्याच्या टेबलाकडे जातो, मित्राला ओलांडतो, फोटोवाल्याकडे वळतो. उरलेली चूक उंच इमारतींमध्ये भरकटलेल्या जीपीएसची. म्हणून वेग घड्याळाच्या किलोमीटरवर नको, रस्त्यावरच्या पाटीवर तपासायचा. नाहीतर ४:५९ चं ५:०३ होतं आणि माणूस घरी येऊन धागा काढतो.

साताराकर:

घाटात आलात, बरं वाटलं. आमच्या साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर मुंबईत भारतीय महिलांमध्ये ओळीने तीन वर्षं पहिली आली आणि मग २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची (अडथळ्यांची शर्यत) फायनल पळाली, हे तुमच्या मुंबईवाल्यांना अधूनमधून सांगत जा.

यवतेश्वरला सगळे चढाला घाबरतात आणि मार खातात उतारावर. उतरताना मांडीचा स्नायू लांबत लांबत ब्रेक मारतो, त्याची झीज जास्त. बाहेरच्या अंगाची कळ, चढताना नाही आणि उतरताना आहे, म्हणजे बहुतेक आयटी बँड (खुब्यापासून गुडघ्यापर्यंत मांडीच्या बाहेरून जाणारा पट्टा). पण ऐकीव निदानावर जाऊ नका. सूज असेल, गुडघा अडकत असेल किंवा आठवड्याभरात कमी नाही झालं तर फिजिओला दाखवा. तोवर उतार बंद, सपाटीवर कळ सुरू व्हायच्या आत थांबायचं. मूळ दुखणं पुष्कळदा खुब्यात असतं. कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, एका पायावर अर्धं बसणं, पूल बांधल्यासारखं कंबर उचलणं, आठवड्यातून तीनदा वीस मिनिटं. कंटाळवाणं आहे. मी टीव्हीसमोर करतो.

नखांचं सोपं आहे. लांब अंतरात पाऊल सुजतं. पुढे अंगठ्याची रुंदी मोकळी हवी आणि बूट संध्याकाळी बघायला जायचं. लेसच्या शेवटच्या भोकातून फास घालून टाच घट्ट केली की उतारावर पाऊल पुढे आदळत नाही. ९०० किमीच्या बुटांना आता भाजी आणायला ठेवा.

गोदाकाठ:

इतके प्रतिसाद आले आणि एकानेही रक्ताचं विचारलं नाही. सगळे पुरुष दिसताय.

ताई, वर्षभर जास्त पळून वेळ सतरा मिनिटांनी वाढला, हे फक्त वेगाच्या चुकीने होत नाही. मला दोन वर्षांपूर्वी असंच झालं होतं, जिना चढताना मांड्या भरून यायच्या. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) दोन्ही करून घ्या. नुसतं हिमोग्लोबिन पुरत नाही, साठा आधी रिकामा होतो आणि हिमोग्लोबिन मागाहून पडतं. बी१२ आणि ड जीवनसत्त्वही बघा, शाकाहारी असाल तर नक्कीच. पाळी जास्त जात असेल तर डॉक्टरांना तेही सांगा, "या वयात होतंच" म्हणून सोडू नका.

स्लो_लोकल:

दहा दिवसांनी येतेय, माफ करा.

गोदाकाठ, तुमचे कसे आभार मानू कळत नाही. हिमोग्लोबिन ११.४, फेरिटिन ९. डॉक्टरबाई म्हणाल्या बायकांत १२ च्या खाली गेलं की ॲनिमियाच धरतात आणि फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे तिजोरी रिकामी. पाळीचं तुम्ही म्हणालात म्हणून सांगितलं, नाहीतर मी सांगितलं नसतं. सोनोग्राफी लिहून दिलीय. लोहाच्या गोळ्या सुरू, लिंबूपाण्याबरोबर, आणि चहा जेवणापासून लांब. यातलं चहाचं सगळ्यात अवघड आहे. साठा भरायला काही महिने लागतात म्हणाल्या, त्यामुळे जानेवारीत पाचच्या आत यायचंच असा हट्ट सोडलाय. ७:०६ ने सुरुवात करणार आणि पेडर रोड पळत चढणार, एवढंच ठरवलंय.

पळपुटा, पावलं १७६ निघाली. दोन वर्षं मी पावलांना हृदय समजत होते.

फिजिओने आयटी बँडच सांगितलं. व्यायाम चालू आहेत, पूल दोन दिवसांपासून कठडा न धरता उतरतेय. तळवा सपाट नाहीये, अगदी बरा आहे, असंही म्हणाला.

टेकडीवाला, मंगळवारी ७:४५ ने पळाले. दुधाच्या पिशव्या घेऊन चाललेल्या एका आजोबांनी मला थांबवून "बरं नाहीये का?" विचारलं. एरवी अंगावर येणारी घरडा सर्कलची कुत्रीही उठली नाहीत. पण घरी आल्यावर दमलेली नव्हते आणि लोकलमध्ये उभ्याने झोपही लागली नाही.

गुडघा मान्य करेल तर नोव्हेंबरपासून रविवारी ठाण्याच्या येऊर टेकडीला चढाचा सराव करायचा विचार आहे, चढ पळत आणि उतार चालत. ठाणे-डोंबिवलीकडचं कुणी येणार असेल तर साडेपाचला पायथ्याच्या गेटपाशी. वेग आजोबांचा.

आणि कार्बनवाले विकायचे आहेत. जेमतेम साठ किलोमीटर वापर, यूके ५, मॅरेथॉनची थोडी माती सोडली तर नव्यासारखे. विचारपूस करा. सपाट तळव्याचे इनसोल फुकट.