प्रति: बोर्डावर एक तज्ज्ञ पुरे?

एक पर्यावरण-तज्ज्ञ कंपनीच्या संचालक बोर्डावर घेतला की तिचा पर्यावरणविषयक रिपोर्ट आपोआप सुधारतो, हे म्हणणं मला अर्धंच पटलं. तो ऑडिट कमिटीत (आकडे तपासणारी बोर्डाची समिती) नसेल तर स्कोप ३ चे, म्हणजे सप्लायर-ग्राहकांकडे कंपनीबाहेर होणाऱ्या उत्सर्जनाचे, आकडे सप्लायरकडून मोजून आलेत की अंदाजाने टाकलेत हे विचारणार कोण? मग फक्त झाडांचे फोटो वाढतात.

आणि एक, अमेरिकेच्या एसईसीने (तिथली शेअर बाजार नियामक संस्था) २०२२ च्या नियमाच्या मसुद्यात कुठल्या डायरेक्टरला हवामानातलं कळतं ते जाहीर करा असं म्हटलं होतं, पण मार्च २०२४ च्या अंतिम नियमात ते गाळलं. याउलट आयएफआरएस एस२ हे हवामानविषयक माहिती जाहीर करण्याचं आंतरराष्ट्रीय मानक (जून २०२३) विचारतं की योग्य कौशल्य बोर्डाकडे आहे का हे ठरवता कसं. हा प्रश्न जास्त अडचणीचा, नाव काय कुणाचंही टाकता येतं.