मुंबई-दुबई विमानाला नेमका किती वेळ? तिकिटावर पावणेदोन तास दिसतायत!

नमस्कार मंडळी. आम्ही लातूरचे. भाऊ दुबईला असतो, आई-दादा पहिल्यांदाच विमानात बसणार आहेत. त्याने पाठवलेल्या तिकिटावर मुंबईहून दुपारी 4:30 ला निघून दुबईत 6:15 ला पोचणार असं आहे. येताना 11 तारखेला रात्री 10 ला निघून मुंबईत 2:30 ला. जाताना पावणेदोन तास, येताना साडेचार! नेटवर अंतर साधारण 1,930 किमी दाखवतंय. दादा म्हणतात, "मुंबईला जायला अख्खी रात्र जाते अन् दुबई पावणेदोन तासांत? पोराला गंडवलंय कुणीतरी."

आईला शुगर आहे, गुडघेही दुखतात, म्हणून खरा वेळ हवाय. आदल्या रात्रीच्या गाडीने निघून सकाळी दादरला उतरणार. परतीचं रिझर्वेशनही 11 च्या रात्रीचंच करून ठेवलंय.

उदगीरकर
कुणी गंडवलेलं नाही. तिकिटावर प्रत्येक ठिकाणची वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. दुबई आपल्या दीड तास मागे. तिथे 6:15 वाजतील तेव्हा लातुरात पावणेआठ झालेले असतील, म्हणजे सव्वातीन तास. येताना साडेचारातून दीड वजा करा, तीन तास.

खाऱ्या शेंगा
ताशी साडेआठशेने 1,930 किमी म्हणजे सव्वादोन तास. मग वरचा एक तास कुठं जातो?

उदगीरकर
जमिनीवर आणि चढण्या-उतरण्यात. दार बंद झाल्यापासून ते तिथे जागेवर उभं राहीपर्यंतचा वेळ धरतात. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरतात; विमानं रांगेत उभी राहतात, अगदी टोलनाक्यासारखी. येताना कमी लागतो कारण वरचा वारा पश्चिमेकडून वाहतो, मागून रेटतो. हिवाळ्यात जास्तच.

परभणीची सून
ताई, एक मिनिट. 11 च्या रात्री 10 ला ते दुबईतून निघणार, म्हणजे मुंबईत उतरतील तेव्हा 12 तारीख लागलेली असणार. तुमची 11 च्या रात्रीची गाडी तर ते दुबई विमानतळावर असतानाच सुटेल!

आणि आईंसाठी आत्ताच व्हीलचेअर सांगून ठेवा, पैसे पडत नाहीत. आत चालणं भरपूर असतं. गोळ्या हातातल्या पिशवीत, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत. विमानतळावर तीन तास आधी, दीडपर्यंत पोचलंच पाहिजे.

धागाकर्ती
अगं बाई! तारखेकडे बघितलंच नव्हतं. दादांना दीड तासाचं गणित पटलं, पण आता म्हणतात, "मंग आपलं घड्याळ मागं करायचं का नाही?" रिझर्वेशन रद्द करून 12 च्या रात्रीचं काढते. दिवसभर नणंदेकडे कल्याणला थांबतील.

अजून एक, काळा मसाला आणि शेंगाचटणी नेली तर चालेल ना?

परभणीची सून
शेंगाचटणी खुशाल न्या. मसाल्यात खसखस आहे का ते बघा. तिथे खसखशीला बंदी आहे, चिमूटभर सापडली तरी भानगड होते.

धागाकर्ती
आहे ना, आई घालतेच. मसाला राहू दे, धपाटे देते बांधून.