मालक गावाला गेला तरी धंदा चालतो का? (अनुभव धागा)

मुंबईच्या डबेवाल्यांच्या डब्यावर रंगाने अक्षरं-आकडे काढलेले असतात: कुठल्या स्टेशनला उतरवायचा, कुठली इमारत, कितवा मजला. माणूस बदलला तरी डबा पोचतो. तुमच्या धंद्यात असं काही बसवलंय का? लिहा.

रस्सेवाली: आमची खानावळ. मसाला सासूबाईंच्या अंदाजाचा. त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मी वजनकाटा घेऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि प्रत्येक मूठ तोलली. "माझ्या हाताला काटा लावतेस होय गं?" म्हणून दोन दिवस अबोला! आता मसाल्याची पाकिटं आधीच भरून ठेवतो. एका पातेल्याला एक पाकीट, पातेलंही ठरलेलं. त्या झोपून होत्या तेव्हा आचाऱ्याने रस्सा केला, गिऱ्हाइकाने आणखी एक वाटी मागितली. पण मिरचीचा लॉट बदलला की तिखटपणा बदलतो, तिथे पाकिटाचं काही चालत नाही. नवा लॉट आजही सासूबाईच चाखतात.

चाकणकर: कारखान्यात प्रेस शॉपमध्ये आहे, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढायच्या खात्यात. डाय (साचा) बदलली की पहिला पीस क्वालिटीवाला तपासणार, सही करणार, मगच मशीन चालू. एकदा गाडी भरायची घाई होती, साहेब म्हणाले, "चालू कर रे." ऑपरेटरने सहीचा रिकामा रकाना दाखवला. साहेब गप्प उभे राहिले. त्या दिवसापासून कुणी त्या रकान्याची थट्टा केली नाही.

गिरगावची भाची: मावशी लिज्जतचे पापड लाटायची. १९५९ साली सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेला उद्योग. पीठ केंद्रात मळलेलं मिळायचं, लाटणं घरी, दुसऱ्या दिवशी पापड तपासून घ्यायचे. लाटणारे हात हजारो, तरी चव एकच, कारण चवीचा भाग कुणाच्या घरी सोडलेलाच नाही. मला यातली हुशारी फार आवडते.

हिशेबनीस: थोडं उलटं सांगतो. एका क्लायंटने सल्लागाराकडून जाडजूड मॅन्युअल करून घेतलं. इंग्रजीत! कामगार मराठी-हिंदी वाचणारे. ते कपाटात आहे, ऑडिटला बाहेर येतं.

किराणा_दुसरी_पिढी: आमच्याकडे बिलं, स्टॉक सगळं कॉम्प्युटरवर. फक्त उधारी कुणाला द्यायची हे बाबांच्या डोक्यात. ते कसं उतरवायचं?

रस्सेवाली: @किराणा, प्रत्येक गिऱ्हाइकाची मर्यादा बाबांनाच विचारून वहीत लिहा. त्यावर गेलं की नोकराने बाबांना फोन करायचा. आमच्या मेसच्या खात्यांना हेच चालतं.