सुपरनोव्हाच्या आधीच ढग पांगतो

नव्या ताऱ्यांचा गुच्छ वायूच्या ढगात जन्मतो; त्यातल्या जड ताऱ्यांचे शेवटचे स्फोट, म्हणजे सुपरनोव्हा, झाले की गुच्छाभोवतीचा हा वायू उडतो, असं म्हटलं जातं. पण वेळेचं गणित जुळत नाही. गुच्छ जन्मल्यापासून पहिला सुपरनोव्हा फुटायलाच ३०-४० लाख वर्षं लागतात. एनजीसी ७७९३ या दीर्घिकेत हबल दुर्बिणीला दिसलेले तारकागुच्छ आल्मा या रेडिओ दुर्बिणीच्या कार्बन मोनॉक्साइड नकाशावर (हा वायू ढग कुठे आहेत ते दाखवतो) ठेवले, तेव्हा ढगाला चिकटलेल्या गुच्छांचं मध्यक (क्रमाने मधलं) वय २० लाख वर्षं निघालं आणि ढगापासून सुट्या झालेल्यांचं ७० लाख. म्हणजे ढग पांगवण्याचं बरंचसं काम जड ताऱ्यांचे अतिनील किरण आणि त्यांच्यातून सुटणारे वायूचे झोत, म्हणजे वारेच, उरकतात. एनजीसी ३०० या दीर्घिकेतही तेच दिसलं.

मात्र हे आकडे जपून वापरावेत. धुळीत पुरलेले सर्वात कोवळे गुच्छ हबलला दिसतच नाहीत, त्यासाठी धुळीतून पार होणारे अवरक्त किरण टिपणारी दुर्बीणच हवी. शिवाय एम५१ सारख्या दीर्घिकेच्या दाट सर्पिल भुजांत म्हातारा गुच्छ आपल्याला नुसताच ढगाच्या रेषेत दिसतो आणि खुशाल ढग-गुच्छाची 'जोडी' म्हणून मोजला जातो.